श्वासमोजणीची सकाळ

श्वासमोजणीच्या सकाळी शर्वाणीने चार वर्षांच्या ओवीला वाफ दिली, अडुळशाचा काढा पाजला, छातीला कोमट तेल चोळलं. कंपनीच्या धुरकट भट्टीलगतच्या कॉलनीतल्या सगळ्याच आया हे करत. तपासणीला मूल शेंबडं कसं न्यायचं?

आता कुठल्याही कंपनीचं वर्षभराचं काम नफ्यावर नाही, तर तिच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या श्वासावर जोखलं जाई. अंगणवाडीत ओवीचा नंबर शेवटचा होता. तपासनीस बाईंनी नळी पुढे केली. ओवीने गाल फुगवून जोरात फुंकलं आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"चला, एकूण एक मूल ठणठणीत," बाई म्हणाल्या. "कंपनीला यंदा उत्तम शेरा. दुसऱ्या भट्टीची परवानगी अडली होती, ती आता मिळेल."

"दुसरी भट्टी? अहो, हिला रात्रभर खोकल्याने झोप नसते. सकाळी वाफ दिली म्हणून जरा मोकळी झालीय."

"मग आजच कशाला दिलीत?"

"तपासणी होती ना." शर्वाणीने दाराबाहेरच्या बायकांकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. "उद्या पुन्हा मोजाल का? वाफ-काढा न देता नुसती उठवून आणते."

"एका मुलाची वर्षातून एकदाच मोजणी होते हो. हिची नोंद वरच्या कार्यालयात गेलीसुद्धा." बाईंनी यंत्र बंद केलं.

ओवीने आईचा पदर ओढला. "आई, मी पास झाले ना?"

"झालीस."

"आणि कंपनी?"

"तीही झाली," शर्वाणी म्हणाली आणि तिने ओवीला कडेवर घेतलं.