जर्दाळू रंगाचा बॉटलब्रश

क्लॅरीने सदतिसावी काडी कुंडीतून उपटली. तीही खालून काळी पडली होती.

ऑगस्टच्या वाऱ्यात अंगणातलं बॉटलब्रशचं झाड कोसळलं, तेव्हा त्याने फांद्या कापून चाळीस काड्या लावल्या होत्या. आता ऑक्टोबर, म्हणजे तिकडचा वसंत, लागला होता आणि तीन उरल्या होत्या. वाळवीने खोड आतून कधीच पोखरलं होतं. क्लॅरी रोज त्याच्याकडे बघत चहा प्यायचा, तरी त्याला पत्ता लागला नाही.

बाटली घासायच्या ब्रशासारख्या फुलांचा हा बॉटलब्रश त्या गावात पैशाला पासरी. नदीकाठी, शाळेसमोर, पेट्रोल पंपामागे, जिकडे बघावं तिकडे लाल. क्लॅरीचं झाड मात्र वेगळं होतं. कोंबड्यांच्या खुराड्यामागे ते आपोआप उगवलं होतं. फूल ताकासारखं पांढरट उमलायचं आणि तिसऱ्या दिवशी पिकल्या जर्दाळूचा रंग धरायचं. हा रंग बियांतून येत नाही. बी लावलं की पुन्हा आपलं लाल. त्याच झाडाची काडी लावली तरच तो मिळणार.

आणि काडी क्लॅरीने कुणालाही दिली नाही. पलीकडच्या डॉटने एकदा मागितली, तर तिला फाटकातच ऐकवलं की नर्सरीत लाल मिळतं, ते आण. एवढ्या मोठ्या झाडाचं काय कमी होणार आहे, असं त्याची बायको एनिड म्हणाली होती. जगात एकच आहे म्हणून त्याला किंमत आहे, क्लॅरी म्हणाला. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. शनिवारी अंड्यांची टोपली घेऊन गल्लीत एक फेरी मारायची, एवढीच तिची करमणूक. कोंबड्या विकून टाकल्या, तरी टोपली हातात असायचीच. सवय, म्हणायची.

एनिडला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गल्लीत नऊ घरं. क्लॅरीचं सगळ्यात खाली, बसकं. बाकीची चढावर, लाकडी खांबांवर उभी. मधली कुंपणं पुरुषभर उंच. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी मागच्या अंगणातून भाजत्या सॉसेजचा वास यायचा, आणि हसण्याचा आवाज. क्लॅरीला कुणी बोलवत नसे.

लोक वाईट होते असं नाही. कुणी त्याचं गवत कापून देई, कुणी दिवा बदलून देई. डॉट तर दर गुरुवारी केक आणायची. पण हा त्यांच्याकडे गेला की पुढच्या ओसरीवरच खुर्ची. बाजूचं फाटक बंद. एनिड होती तेव्हाही असंच होतं, पण तेव्हा जाणवत नसे. आता फार लागायचं. ऐंशीव्या वर्षी माणसाला कुणी उंबऱ्याच्या आत घेऊ नये, यासारखं दुःख नाही.

झाड होतं तोवर निभत होतं. त्याच्याखाली एनिडचा बाक होता. तिथे बसून दोन शब्द बोलले की तिच्याशी बोलल्यासारखं व्हायचं. आता घर मुकं झालं होतं. फक्त पोपट यायचे. तिकडचे पोपट फुलांतला मध पितात; दर वसंतात त्यासाठी येत, तसेच यंदाही सकाळी थवेच्या थवे कलकलाट करत छपरावरून जात. बिचारे अजून झाड शोधतायत, असं क्लॅरीला वाटायचं.

सप्टेंबरात कुणीतरी त्याच्या फाटकाशी एक कुंडी ठेवून गेलं होतं. हातभर बॉटलब्रश, फूल नाही, चिठ्ठी नाही. क्लॅरीचं डोकं सणकलं. नर्सरीतलं लाल आणून दया दाखवतात! त्याने ते रोप उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तेही सगळ्यांना दिसेल असं.

मंगळवारी उरलेल्या तीन काड्याही काळ्या पडल्या. क्लॅरीने टोपी घातली आणि तो डॉटकडे गेला. आपल्याकडे कुणीतरी चोरी केलेली असावी, अशी आशा तो जन्मात पहिल्यांदा करत होता.

डॉटने ओसरीवर खुर्ची दिली, चहा आणला.

"डॉट, खरं सांग. माझ्या झाडाची काडी कधी कुणी चोरली होती का? मी रागावणार नाही."

"नाही रे. चोरली नाही कुणी."

म्हणजे संपलंच. क्लॅरीने न पिताच कप खाली ठेवला. एनिडचं म्हणून तेवढं एक उरलं होतं, तो म्हणाला, आणि तेही मी मुठीत धरून मारलं.

डॉटने एप्रनचं टोक पिळलं. मग ती उठली आणि तिने जाळीचं दार उघडून धरलं.

"आत ये."

चाळीस वर्षांत क्लॅरी त्या दारातून आत गेला नव्हता. तिच्या मागून तो बैठकीच्या खोलीतून गेला, स्वयंपाकघरातून गेला, आणि मागच्या उंच पायऱ्यांवर येऊन थांबला.

खाली कुंपणाच्या कडेने, कुंपणाहून वीतभर बुटकं छाटलेलं जर्दाळू रंगाचं झाड फुललं होतं. फुलांना उलटे लटकून पोपट मध पीत होते. कुंपणापलीकडच्या अंगणात तसंच एक. त्याच्या वरच्या अंगणात आणखी दोन. चढावरची आठही अंगणं त्याच रंगाची होती.

"कुंडी मी ठेवली होती," डॉट म्हणाली. "तू ती फेकलीस, मग पुन्हा कुणाची छाती झाली नाही. काड्या एनिडनेच दिल्या रे, टोपलीतून. प्रत्येकाला शपथ घालून. फुलं सरली की छाटायचं, कुंपणाच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि काही झालं तरी क्लॅरीला घरात घ्यायचं नाही."