तक्रार नसलेली पार्टी

“नमुना आवडला, पण काम दुसऱ्याला दिलंय,” हा निरोप त्याने दोनदा वाचला आणि लॅपटॉप मिटला. नमुना म्हणून त्यांनी जवळजवळ सगळा प्रोग्रॅमच त्याच्याकडून फुकटात उकळला होता. आता तो दुसरा त्यात चार ओळी बदलणार आणि निम्म्या पैशात देऊन मोकळा होणार.

कारखान्यातल्या यंत्राने कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, पट्ट्यावर माल अडकला तर काय करायचं, हे यंत्राला शिकवणारे प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा धंदा. कंपनी बंद पडली तेव्हापासून तो घरबसल्या अशी सुटी कामं शोधत होता. वेबसाइटवर एखादं काम दिसायचा अवकाश, की जगभरातले बेकार त्यावर तुटून पडत. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात. इथे शितंच नव्हती, नुसती भुतं होती.

त्यानंतर त्याने शोधणंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राही. बायको साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती पाळी संपवून आली तरी त्याची कूस बदललेली नसे.

“अहो, दाढी तरी करा.”

“कोणासाठी?”

त्याने ते चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं.

आणि मग देव पावावा तसं एक काम आपणहून चालत आलं. वेबसाइटवरूनच निरोप होता. डबे खोक्यात भरणारी लाइन आहे, प्रोग्रॅम नव्याने लिहून हवा, पैसे वेबसाइटमार्फत, सगळं बोलणं लेखी. पार्टीने ना नमुना मागितला, ना भावात घासाघीस केली.

तो उठला. दाढी केली, टेबल पुसलं, लॅपटॉपवरच खोटी लाइन मांडून त्यावर खोटे डबे पळवू लागला. रात्री जेवताना बायकोची परीक्षा घेई.

“तुमच्याकडे खोकं आडवं पडलं तर काय करता गं?”

“हात घालून सरळ करतो. कळ दाबायला सवड कुणाला आहे?”

“आणि हात अडकला म्हणजे?”

“म्हणून तर अंगठी काढून ठेवतो,” ती म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

त्याने प्रोग्रॅममध्ये तशी सोय केली. हात आत गेला की पट्टा जागच्या जागी थांबेल. पार्टीला ते फार आवडलं. “असा विचार आजवर कोणी केला नव्हता,” असं उत्तर आलं. तो दिवसभर घरात शीळ घालत हिंडला.

पैसे वेळेवर आले. पाठोपाठ दुसरं काम आलं, मग तिसरं. बायकोच्या कारखान्यात याच सुमाराला जादा पाळ्या सुरू झाल्या होत्या. ती थकून येई, बसल्या जागी डोळे मिटी. त्याला अपराधी वाटे. लवकरच हिला यातून सोडवायचं, असं तो मनाशी म्हणे आणि जोमाने कामाला लागे.

एका रविवारी मेहुणा आला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करी आणि चार ठिकाणच्या खबरा ठेवी.

“भाऊजी, शीतगृहात देखभालीला माणूस हवाय. पाळीचं काम आहे, पण नोकरी कायमची. मी तुमचं नाव घातलंय. उद्या दुपारपर्यंत हो म्हणायचं. दारात रांग लागलीय.”

“पान्हे फिरवायला? माझ्याकडे काम आहे की.”

“तुमची पार्टी बघितलीय कधी?”

“बघायची गरजच काय? मी इथून उंटावरून शेळ्या हाकतो, आणि त्या सरळ चालतात. आजवर एक तक्रार नाही!”

मेहुणा हसला. “एकही नाही? आमच्या साध्या लिफ्टचा प्रोग्रॅमसुद्धा जागेवर गेला की पहिल्या झटक्यात चालत नाही. दहा फोन, दहा शिव्या.”

“म्हणून तुम्ही लिफ्टवाले,” तो म्हणाला. मेहुण्याने मनाला लावून घेतलं नाही. जाताना दारात एवढंच म्हणाला, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, भाऊजी.”

बायको जादा पाळीला गेली होती, तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही. सोमवारी दुपारी त्याने शीतगृहात फोन करून नाही म्हणून कळवलं. कितीतरी दिवसांनी त्याला कोणालातरी नाही म्हणता आलं होतं. त्याची छाती फुगली.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्याने स्वतः चहा केला. ती चप्पल काढत असतानाच त्याने सगळं सांगून टाकलं.

तिने दाराची चौकट धरली. “नाही म्हणालात? आत्ताच्या आत्ता फोन लावा, चुकून बोललो म्हणावं.”

“जागा भरली. मी फोन ठेवला तेव्हाच त्यांनी पुढच्याला आत बोलावलं होतं.”

“मला विचारायचं तरी!”

“अगं, घाबरतेस काय? पार्टीला सकाळीच लिहिलंय, आता वर्षभर फक्त तुमचंच काम करीन म्हणून. अजून वाचलेलं दिसत नाही, पण ती नाही म्हणायची नाही. आणि उद्यापासून तुझी जादा पाळी बंद. पुरे झालं राबणं.”

ती खाली बसली. त्याने चहाचा कप पुढे केला, पण तिने तो घेतला नाही.

“पाळी कशी बंद करू?” ती म्हणाली. “तुमची पार्टी मीच आहे हो.”