तेरवीच्या आधी

दवाखान्यातून प्रेमलता गेल्याचा निरोप आला, तेव्हा तिनं जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम नागपूरच्या प्रयोगशाळेत बर्फात होतं. ते आठवडाभरच टिकतं. सहाव्या दिवशी तिथंच संशोधन करणारे वामनराव मुंडण झालेल्या डोक्यावर टोपी घालून बायकोच्या टेबलाशी बसले. “तेरवी नाही झाली जी, आले काहून?” शिपाई नत्थूनं विचारलं. “एन्झाइमले तेरवी समजत नाही गा. बर्फ आण.” एन्झाइमला कामासाठी साथीदार रेणू लागतो. त्याला आर्जिनिन हे अमिनो आम्ल धरून ठेवतं, असं ती म्हणायची. वामनरावांनी एन्झाइमच्या दोन नळ्यांत आर्जिनिन निकामी करणारं रसायन टाकलं. एकीत साथीदार आधीच बसवला होता. साथीदारावाचूनची नळी बंद पडली. दुसरी काम करत राहिली, कारण साथीदारानं आर्जिनिनची जागा झाकली होती. “बाईचं खरं निघालं का जी?” “अर्धं.” एन्झाइममध्ये आर्जिनिन अकरा आहेत. साथीदाराला नेमकं कोणतं धरतं, ते शोधायचं राहिलं.