दाजींच्या सॅकमधला धोंडा

दाजी तोंड धुवायला ओढ्यावर गेले आणि दर वर्षीप्रमाणे घड्याळजीचा हात त्यांच्या सॅककडे गेला.

गेला आणि परत आला. या वर्षी धोंडा घालायचा नाही, असं तो घरूनच ठरवून निघाला होता.

घड्याळजी आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, दर उन्हाळ्यात डोंगरातल्या उंच तळ्यावर जायचे. खालच्या निवाऱ्यात मुक्काम, सकाळी चढाई, तळ्याकाठच्या वरच्या निवाऱ्यात जेवण. दाजी शाळेत कवायत शिकवायचे. ते डोंगर चढत नसत, डोंगरच त्यांच्या पायाखालून निमूट खाली जायचा. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसणारा. तो धापा टाकत वर पोचेपर्यंत दाजींची आंघोळ, चहा आणि निवाऱ्यातल्या झाडून सगळ्यांशी ओळख उरकलेली असायची. मग दाजी सगळ्यांसमोर विचारायचे, "आलात का मेहुणे? आम्हाला वाटलं, परस्पर घरी गेलात."

एका वर्षी हे जरा जास्तच मोठ्याने विचारलं गेलं. पुढच्या वर्षी घड्याळजीने खालच्या ओढ्यातला एक गोल, गुळगुळीत, पांढरा धोंडा उचलला आणि दाजींच्याच स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांच्या सॅकच्या तळाशी ठेवून दिला.

गुण लगेच आला. दाजींचं पुढे पळणं बंद झालं. ते घड्याळजीच्या मागून, त्याच्या चालीने यायला लागले. मधूनच त्यांना खोकल्याची उबळ यायची, मग तोंडावर रुमाल धरून उभे राहायचे. बिचाऱ्यांना दम लागतोय, असं घड्याळजीला वाटायचं, आणि छान वाटायचं.

उतरताना त्याने दाजींची सॅक सहज म्हणून उचलून पाहिली. हलकी! म्हणजे धोंडा सापडला, फेकलाही, आणि तरी हा माणूस एक अक्षर बोलला नाही. घड्याळजी वरमला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्याने पुन्हा धोंडा घातला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला तेवढं वजन काय जड आहे?

नेमकी त्याच सुमारास चढताना घड्याळजीची पाठ धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, दुकानात वाकून बसता ते सोडा. बायकोने कमरेचा पट्टा आणून दिला. आणि दाजींनी तर कमालच केली. सकाळी घड्याळजी बूट बांधायला बसला की ते त्याची सॅक स्वतः भरायचे, उचलून त्याच्या पाठीवर चढवायचे, पट्टे आवळून द्यायचे. वर पोचल्यावर उतरवूनही तेच घ्यायचे आणि आत नेऊन ठेवायचे. "पाठीला जपा हो मेहुणे," म्हणायचे.

हा आपल्या पाठीला जपतो, आणि आपण ह्याच्या पाठीवर दगड लादतो! घड्याळजीला वर पोचून घास गोड लागेना.

या वर्षी दाजींचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. ताई फोनवर म्हणाली, "तुमच्या त्या डोंगराने खाल्ला ह्यांचा गुडघा. हौस म्हणून एकदा शेवटचं जाऊ दे म्हणतात. सांभाळून आण रे बाबा."

डोंगराने नव्हे, हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं. तळ्यावर पोचलं की सगळं कबूल करायचं, मग दाजी पाण्यात ढकलोत की आयुष्यभर अबोला धरोत, असं ठरवून तो आला होता.

दाजी ओढ्यावरून लंगडत परतले. आपल्या सॅकमध्ये त्यांनी तळापर्यंत हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"काय हरवलं?" घड्याळजीने विचारलं.

"काही नाही," दाजी जरा हिरमुसून म्हणाले.

"दाजी, तुमची सॅक आज माझ्याकडे द्या."

"का? पाठ स्वस्त झाली का तुमची?"

ते चढायला लागले. घड्याळजीला नवल वाटलं. पाय आपोआप उचलत होते. पट्टा घरी विसरला होता, तरी पाठीने तक्रार केली नाही. पापाचं वजन म्हणतात ते हेच, त्याच्या मनात आलं. दाजींसाठी तो वळणावळणावर थांबत होता, आणि त्यांचा सुजलेला गुडघा बघून पुन्हा खचत होता.

वरचा डोंगर सगळा काळा आणि टोकदार. तळं त्यात आरशासारखं पडलेलं. निवाऱ्याचा पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर गोल पांढरे धोंडे ओळीने मांडलेले. निवारा सांभाळणाऱ्या बाई दारात आल्या आणि दाजींना म्हणाल्या, "हे काय, यंदा रिकाम्या हाताने?"

"यंदा मालच मिळाला नाही," दाजी म्हणाले.

खाऊबिऊ आणत असतील, असं घड्याळजीला वाटलं. किती लोकांचं करतो हा माणूस! त्याला राहवेना. तळ्याकाठी टेकल्याबरोबर तो म्हणाला, "दाजी, तुमच्या गुडघ्याचा गुन्हेगार मी आहे."

आणि त्याने सगळं सांगितलं. ओढा, धोंडा, स्वेटर, इतके उन्हाळे.

दाजींना खोकल्याची जोरदार उबळ आली. रुमाल तोंडावर धरून ते बराच वेळ हलत राहिले.

"गुडघ्याचं मनाला लावून घेऊ नका," शेवटी ते म्हणाले. "तो आमच्या घराण्याचाच आहे. वडिलांचाही गेला होता, आणि ते कधी गच्चीवरसुद्धा चढले नाहीत."

"पण इतकी वर्षं ते ओझं..."

"हो ना," दाजी निवाऱ्याच्या पत्र्याकडे बघत डोळे पुसत म्हणाले. "आणि तुमची पाठ काय म्हणते आज?"