नाटकातला पूर

“मास्तर, लग्नात घालायचीयत का ती?” शेठ दारातूनच ओरडले. “एका पट्ट्याला किती वेळ?”

मास्तरांनी मान वर केली नाही. नारिंगी दोरा संपला होता, म्हणून हिरवा ओवून ते शेवटच्या जॅकेटचा पट्टा शिवत होते. एक टीप मारली, तिच्यावर उलटी दुसरी. जन्म सोफ्याच्या गाद्या शिवण्यात गेला, पण मास्तरांची शिवण उसवली असं म्हणायची सोय नव्हती.

“पट्टा सुटला तर नटाची फजिती होईल, शेठ.”

“होऊ दे. नाटकात पूर आलाय. लांबून दिसली म्हणजे झालं.”

जाडजूड, बिनबाह्यांची जॅकेटं. आत गाद्यांचा उरलेला स्पंज. सकाळीच त्यावर चहा सांडला, तर त्या पठ्ठ्या स्पंजने अख्खा कप पिऊन टाकला, थेंब खाली येऊ दिला नाही. “याला बशीही द्या,” म्हणत शेठ पोट धरून हसले होते.

ढीग एवढा, की नाटकात अख्खं गाव बुडत असावं. मास्तरांनी विचारलं नाही. त्यांचं चित्त लेकीपाशी होतं.

ती परदेशी निघाली होती, व्हिसाशिवाय. एजंट ट्रकने सरहद्द पार करून देणार होता.

“बंद ट्रकात जीव घुसमटेल गं.”

“होडीपेक्षा बरं ना, बाबा? मला पोहता कुठे येतंय!”

तेव्हा मास्तरांनी गुपचूप तिच्या पिशवीत हातपंखा कोंबला होता. दुसरं काय करणार?

संध्याकाळी टेम्पो आला, जॅकेटं घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. आवाज दबका. “गोदामात बसवून ठेवलंय, बाबा.”

“मागे फिर. आत्ताच्या आत्ता.”

“पासपोर्ट त्यांच्याकडे आहे.” मग उगाच हसून म्हणाली, “पंखा कामाला आला बरं का.”

त्यानंतर फोन बंद.

मास्तर गादीला चेन लावत होते, तेव्हा फोटो आला. मागे पाणीच पाणी. पुढे लेक. अंगात नारिंगी जॅकेट.

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

“शेठ, कुठलं नाटक होतं ते?”

शेठनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. “मला काय ठाऊक? टेम्पोवाला म्हणाला, ते तुम्हाला सांगितलं.”

मास्तरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पट्ट्यावर हिरवी टीप होती. दुहेरी.

खाली लेकीने लिहिलं होतं, “ट्रक रद्द झाला, होडीने निघतोय. पण काळजी करू नका, बाबा. तुम्ही शिकवलंत तशी एकेकाची शिवण ओढून पाहिली आणि ढिगातलं सगळ्यात पक्कं निवडून घेतलं.”