तिसरं गाणं

"तिसरं पुन्यांदा लाव," लिंबाजी म्हणाले.

बलभीमला खरंच वाटेना. वर्षभर ज्या बापानं त्याच्या वाजवण्याला 'गाढवाची वरात' म्हटलं, तो आज ओसरीवर उकिडवा बसून टेपरेकॉर्डरला कान लावत होता आणि तेच गाणं तिसऱ्यांदा मागत होता. बलभीमनं कॅसेट मागं फिरवली.

बलभीम, श्रीमंत आणि गुलाब, असा तिघांचा बँड. श्रीमंत सोलापूरच्या कॉलेजात दोनदा नापास होऊन परतला, तो हार्ड रॉकचं वेड घेऊन. बेंबळीसारख्या खेड्यात ते वाजवायचं कुठं? देवळामागं वाजवलं तर पुजारी धावून आला. रानात वाजवलं तर म्हशींनी पान्हा चोरला. शेवटी कोंडिबानं आपली कोरडी विहीर दिली. सात परस खोल, आत थेंब नाही. शेजारच्या मोटारीवरून वायर ओढून तिघं खाली उतरले आणि वर्षभर जमिनीच्या पोटात बडवत राहिले. वर सत्त्याऐंशीचा दुष्काळ होता. टँकर दोन दिवसांआड यायचा, म्हणजे आला तर.

ती विहीर लिंबाजींनीच खोदलेली. चाळीस वर्षं त्यांचं हेच काम. दगडावर हातोडा मारायचा, कान लावायचा आणि सांगायचं, खोदा किंवा सोडा. पंचक्रोशीत त्यांच्या कानाला मान होता. सोसायटीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय विहिरीला हात लावत नसे.

सहा वर्षांपूर्वी कोंडिबाच्या विहिरीत ते 'सोडा' म्हणाले. कोंडिबानं सोडली. पुढच्याच उन्हाळ्यात त्याची बायको मथुराबाई दीड कोसावरच्या विहिरीवर पाणी शेंदायला गेली आणि पाय घसरून आत पडली. कोंडिबानं कुणाला बोल लावला नाही. "दगडातच पाणी न्हाय, त्याला लिंबाजीभाऊ काय करतील?" एवढंच म्हणायचा. असली भली माणसं पाहिली की जीव तुटतो.

गाणं संपलं.

"ह्यात ढोलाचा आवाज येगळा हाय," लिंबाजी म्हणाले.

बलभीम खुलला. "व्हय आबा! ह्या गाण्याला ड्रम हिरीच्या पूर्वेच्या कडंला सरकवला. तिथं लई भरून येतो आवाज. श्रीमंत म्हणतो, आख्ख्या कॅसेटीचा जीव ह्यात हाय."

"कुणाकुणाला ऐकवलंय?"

"कुणालाच न्हाय. पयलं तुमालाच."

लिंबाजींनी मान हलवली.

"उद्या सोलापूरला नेणार," बलभीम सांगत सुटला. "दुकानदार दोनशे कॅसेटी काढून देतो म्हणलाय. गिटार बी परत द्यायचीय, आर्केस्ट्रावाल्याची हाय. आता पुन्यांदा न्हाय मिळायची."

"ही एकच हाय व्हय?"

"एकच. पण भ्या न्हाय. ह्ये कोपऱ्यातलं दोन्ही तुकडं मोडून टाकल्यात, आता कुणाला पुसता येत न्हाय."

"आन् पुसायचीच असली तर?"

"त्या भोकांवर चिकटपट्टी लावावी लागंल. पण कोण लावतंय?" बलभीम हसला.

"असू दे माझ्यापाशी. सकाळच्या पारी आणखी एकदा ऐकतो."

बलभीम उठून चुलीपाशी आईकडं गेला. "आबांना आवडलं," म्हणाला. सारजाबाईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. पोरगं वर्षभर एवढ्यासाठीच बडवत होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बलभीम आणि श्रीमंत सोलापुरात उतरले. आधी गिटार देऊन आले, मग दुकानात गेले. दुकानदारानं कॅसेट लावली. कोंबडी ओरडली. पातेल्यावर झाकण पडलं. सारजाबाईंनी शेळीला शिवी हासडली. मग नुसतीच खरखर. दुसऱ्या बाजूलाही तेच. श्रीमंतनं कॅसेट काढून बघितली. दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांवर चिकटपट्टी होती, अगदी नीट कापून लावलेली.

संध्याकाळी बलभीमनं कॅसेट बापापुढं टाकली.

"तुमी पुसली?"

"पुसली."

"का?"

"कान किटलं माझं. आपल्यात कुणी असलं बडवलं न्हाय."

बलभीमचा हात उचलला गेला होता. तो त्यानं कसाबसा खाली घेतला. त्या दिवसापासून तो बापाशी बोलला नाही. श्रीमंत पुण्याला निघून गेला, गुलाब रोजगार हमीवर खडी फोडू लागला. गावानंही लिंबाजींना नावं ठेवली. बाप झाला म्हणून काय पोराच्या पोटावर पाय द्यावा?

आठवड्यानं सोसायटीचे चेअरमन नानासाहेब आले. सुरुंग लावून एक जुनी विहीर आणखी खोल करायचं मंजूर झालं होतं, साऱ्या गावासाठी. कोणती, ते लिंबाजींनी सांगायचं होतं. मागोमाग कोंडिबाही आला आणि त्यानं हात जोडले.

"माझी घ्या की, लिंबाजीभाऊ. फुकट देतो गावाला. मथुराच्या नावानं लोकं पाणी तरी पितील."

लिंबाजी त्याच्याकडं न बघता म्हणाले, "तिथं थेंब न्हाय. उलट बुजवून टाका ती, ढोरं पडतील."

"तुमचा शब्द म्हंजे शब्द," नानासाहेब म्हणाले.

दोन दिवस विहिरीत मुरमाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. सुरुंग लावला तो वेशीजवळच्या विहिरीत, आणि तिथं नुसता धुरळा निघाला. बलभीम आपला ड्रम काढायलाही गेला नाही. ड्रम खालीच गाडला गेला.

तिसऱ्या दिवशी सारजाबाई रिकामी घागर घेऊन परत आल्या. टँकर आला नव्हता. त्यांनी घागर उंबऱ्याशी ठेवली आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"अवं, एक खरं सांगा. पोराचं गाणं इतकं वंगाळ व्हतं का?"

"न्हाय."

"मग?"

लिंबाजींनी ती रिकामी घागर बोटानं वाजवून बघितली.

"तिसऱ्या गाण्यात ढोलामागं पाणी बोलत व्हतं," ते म्हणाले. "हातभर दगडाच्या आड."