येतो हं

मॅपक्वेस्टवरून रस्त्याच्या नकाशाचे प्रिंटआउट घेऊन पार्सिपनीहून केप मेपर्यंत ड्राइव्ह केलं, ते समुद्र बघायला. हॉटेलवाल्यांनी रूम दिली ती पार्किंगच्या बाजूची! तेही मी सहन केलं. पण आमच्या रूममध्ये भलताच माणूस?

शनिवारी सकाळी बीचवर निघालो. दार ओढताना सवयीने म्हणालो, "येतो हं."

"या," आतून उत्तर आलं. म्हातारा, मायाळू आवाज. स्वच्छ मराठी.

मी तडक डेस्कवर जाऊन भांडलो. मॅनेजरने येऊन कपड्यांचं क्लॉजेट, बाथरूम, बेडखाली, सगळीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. "टीव्ही असेल, सर." केप मेच्या हॉटेलात मराठी टीव्ही! दुसरी रूम मागितली, तर म्हणे हॉटेल फुल आहे.

"यतीन, परत जाऊ या," माझी बायको हिमानी म्हणाली.

"का म्हणून? बुकिंग आपलं आहे!"

दुपारी जेवायला निघताना मी ओठ घट्ट मिटून घेतले. पण सवयीने हिमानीच बोलून गेली, "येतो हं."

"या. लवकर या."

रविवारी चेकआउटच्या वेळी बॅगा बाहेर काढल्या आणि माझा पारा चढला. उघड्या दारातून त्या रिकाम्या रूमवर मी ओरडलो, "जातो मी! कायमचा जातो!"

हिमानीने माझं मनगट पकडलं. "जातो काय म्हणतोस? येतो म्हण. आधी येतो म्हण!"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून तोच मायाळू आवाज आला.

"बरं. जा."